पहिला ट्रॅव्हल ट्रेलर: आधी काय घ्यावं, नंतर काय, आणि काय राहू द्यावं

विचारणारं कुटुंब मध्य न्यू जर्सीतलं आहे. आई, बाबा आणि दोन मुलं. नुकताच २०१८ सालचा, बावीस फुटी, सेकंड हँड ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं छोटं घर, घेतलाय. कागदावरचं कोरडं वजन ४,३०० पाउंड, आणि ओढायला घरचीच सात सीटची एसयूव्ही, तिची टोइंग क्षमता ५,००० पाउंड. डीलरनं २,२०० डॉलरच्या अ‍ॅक्सेसरीजची यादी हातात ठेवली, व्हिडिओ पाहून त्यात आणखी चाळीसेक वस्तूंची भर पडली. मेमोरियल डेच्या सुट्टीत व्हर्जिनियातल्या शेनन्डोआ नॅशनल पार्कमधल्या बिग मेडोज कॅम्पग्राउंडला पहिली सहल ठरली आहे. प्रश्न एवढाच, की यातलं खरंच काय लागतं?

आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो. २०१३ पासून ट्रेलर ओढतोय, सध्याचा हा दुसरा. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. ओळखीतल्या बऱ्याच मराठी कुटुंबांच्या पहिल्या हिचिंगला, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडण्याला, आणि पहिल्या टाकी रिकामी करण्याला मी शेजारी उभी राहिले आहे. त्या अनुभवावरून सांगते, की तुमचा प्रश्न वस्तूंचा वाटतो, पण खरा प्रश्न क्रमाचा आहे. भांडी, पांघरुणं, खुर्च्या, दिवे हे सगळं घरात आहेच. दोन ताटं आणि एक जुनी चटई उचलून आत टाकली की संसार सुरू होतो. पैसे लागतात ते ट्रेलर बाहेरच्या जगाला जिथं जिथं जोडला जातो तिथं: गाडीशी, रस्त्याशी, नळाशी, विजेशी आणि गटाराशी. या पाच जोडांवर काटकसर करू नका. आतल्या गोष्टींवर हवी तेवढी करा.

सुरुवात गाडीशी असलेल्या जोडापासून, कारण तुमच्या प्रश्नातले दोन आकडे वाचून मी तिथंच थबकले. ४,३०० हे वजन कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं आहे. त्यात बॅटरी नाही, भरलेले गॅसचे सिलिंडर नाहीत, पाणी नाही, तुमचं सामान नाही. पाण्याचं वजन गॅलनला सुमारे ८.३ पाउंड, म्हणजे चाळीस गॅलनची टाकी भरली की ३३० पाउंड वाढले. दोन सिलिंडरमधला गॅस ४०, बॅटरी ५०-६०. भांडी, किराणा, गाद्या, सायकली, खुर्च्या मिळून ४५० तरी होतात, मी असंख्य वेळा मोजलंय. बेरीज ५,००० च्या वर गेली. बरं, पाणी न भरता निघालात तर ५,००० च्या जरा खाली याल, पण तेवढ्यानं भागत नाही.

एसयूव्हीची अडचण बहुधा ओढण्यात येत नाही, ती पेलण्यात येते. ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा, म्हणजे टंगचा, जो भार गाडीमागच्या जोडाच्या, म्हणजे हिचच्या, बॉलवर येतो त्याला टंग वेट म्हणतात. तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. त्याहून कमी असला तर ट्रेलर मागून शेपटीसारखा हलायला लागतो. तुमच्या बाबतीत हा भार साधारण ६०० पाउंड धरा. आता ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक स्टिकर असतं, त्यावर प्रवासी आणि सामान मिळून किती वजन चालेल ते छापलेलं असतं. समजा तिथं १,३०० आहे. चौघांचं वजन ५००, हिचचं लोखंड ८०, डिकीतलं सामान १५०, त्यावर हे ६००. झाले १,३३०. शिवाय रिसीव्हरवर, म्हणजे हिच ज्यात बसतो त्या गाडीमागच्या खाचेवर, त्याची स्वतःची मर्यादा लिहिलेली असते, आणि अशा बऱ्याच गाड्यांवर ती ५०० पाउंडच असते.

तुमच्या गाडीचे आकडे माझ्यापुढे नाहीत, त्यामुळे गाडी चालणारच नाही असं मी म्हणत नाही. पण ते आकडे बघितल्याशिवाय यादीतली एकही वस्तू घेऊ नका. गणित बसत नसेल तर बावीसशे काय आणि बावीस हजार काय, कुठलीही अ‍ॅक्सेसरी पेलोड, म्हणजे गाडीनं पेलायचं वजन, वाढवत नाही. वेट डिस्ट्रिब्युशन हिच भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटून देतो, गाडीची मर्यादा तो वाढवत नाही. काही एसयूव्हींचे उत्पादक तर तो लावायलाच मनाई करतात, मॅन्युअलमध्ये टोइंगचं प्रकरण वाचा. गणित बसलंच नाही, तर गाडी बदलणं हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग लोकांना सुचत नाही, पण आमच्या ओळखीतले दोघे त्यावर खूश आहेत: घरापासून दीड-दोन तासांवरच्या कॅम्पग्राउंडमध्ये पूर्ण सीझनची जागा घ्यायची, ट्रेलर तिथं एकदाच भाड्याच्या ट्रकनं नेऊन ठेवायचा आणि दर शुक्रवारी कारनं जायचं.

गणित बसलं, तर या जोडातला पहिला खर्च ब्रेक कंट्रोलरचा. एवढ्या वजनाच्या ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतात आणि ते दाबण्याचं काम गाडीतला हा कंट्रोलर करतो. ‘प्रपोर्शनल’ प्रकारचा घ्या. तुम्ही जितका जोरात ब्रेक दाबाल तितकाच जोर तो ट्रेलरला देतो. गाडीला चार पिनांचं सॉकेट असेल तर त्यातून फक्त दिवे चालतात, ब्रेकसाठी सात पिनांचं लागतं. ते वायरिंग करून घ्यायला हवं. दुसरा खर्च स्वे कंट्रोलसह (ट्रेलरचं डोलणं रोखणारी सोय) वेट डिस्ट्रिब्युशन हिचचा, अर्थात मॅन्युअल परवानगी देत असेल तर. तो पाचशे ते आठशे डॉलरपर्यंत जातो आणि डीलरच्या यादीतली ही एक ओळ मी निमूट मान्य करते. हिचच्या बॉलचा आकार कपलरवर, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या ट्रेलरच्या तोंडावर, कोरलेल्या आकाराशी जुळला पाहिजे. २ ५/१६ आणि २ इंचात ‘चालून जाईल’ असं काही नसतं. सेफ्टी चेन टंगखालून एकमेकींना ओलांडून, फुलीसारख्या अडकवा. कपलर निसटलाच तर टंग रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडते.

शेनन्डोआच्या वाटेवरच्या आय-८१ महामार्गावर ट्रकची रांग असते. मोठा ट्रक शेजारून गेला की हवेचा लोट ट्रेलरला आधी बाहेर ढकलतो, मग आत ओढतो. ट्रेलर डोलायला लागला की पाय आपोआप ब्रेककडे जातो, आणि नेमकं तेच करायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टीअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरवरचा हाताचा खटका हळू दाबा, म्हणजे फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि तो मागून ताणला जाऊन सरळ होतो. रिकाम्या पार्किंगमध्ये हा खटका दहा वेळा दाबून बघा, बोटांना न बघता सापडला पाहिजे. कंट्रोलर बसवताना तो हाताला येईल अशाच जागी बसवून घ्या.

पहिल्या लांब प्रवासाआधी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, जाऊन वजन करा. पंधरा डॉलरच्या आसपास खर्च येतो आणि गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांचे वेगवेगळे आकडे हातात पडतात. सगळं भरून जा, मुलांनाही गाडीत बसवून न्या.

आता रस्त्याशी असलेला जोड, म्हणजे टायर. तुमचा ट्रेलर २०१८ चा आहे. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार अंक बघा. २११८ असेल तर तो टायर २०१८ च्या एकविसाव्या आठवड्यात बनला. ट्रेलरचे टायर झिजून जात नाहीत, उभे राहून म्हातारे होतात. वर्षातले दहा महिने एकाच जागी उन्हात राहतात, आतलं रबर सुटत जातं आणि वरून नक्षी नव्यासारखी दिसते. मी पाच-सहा वर्षांनी बदलतेच. २०१६ साली केंटकीत आय-७५ वर आमचा मागचा उजवा टायर फुटला तेव्हा त्याची नक्षी अगदी छान होती. वय होतं सात वर्षं. तो जुना ट्रेलर आम्ही सेकंड हँड घेतला होता आणि टायरवरची तारीख बघायची असते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. फुटलेल्या टायरच्या पट्ट्यांनी चाकावरचा पत्रा फाडला आणि खालून जाणारा पाण्याचा पाइप तोडला. मुलं गाडीत होती, रस्त्याची कड अरुंद होती. त्या संध्याकाळनंतर टायरच्या बाबतीत मी कुणाचंही ‘अजून चांगले दिसतायत’ ऐकून घेत नाही. तुमचे मूळचेच असतील तर नवे चार आणि स्पेअर, हाच तुमचा सगळ्यात आधीचा खर्च. त्यांच्यावर एसटी ही अक्षरं हवीत, कारचे टायर ट्रेलरला चालत नाहीत.

टायरबरोबर तीन वस्तू घ्या. हवेचा दाब मोजायचं चांगलं मीटर, टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं नट आवळायचा पाना, आणि टायरचा दाब-तापमान गाडीत दाखवणारी टीपीएमएस. दाब सकाळी, चाकं थंड असताना बघायचा. चाक नवं बसवलं की पहिल्या पन्नासेक मैलांनंतर नट पुन्हा आवळायचे, कारण ते बसतात आणि सैल होतात. आवळायचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो, अंदाजानं पाय देऊन आवळू नका. टीपीएमएस लोक चैन समजतात. मागच्या चाकात हवा कमी झाली तर कारमध्ये जाणवतं, ट्रेलरमध्ये काहीच जाणवत नाही, म्हणून मी ती गरजेत धरते.

कॅम्पग्राउंडवर पोचल्यावरचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ट्रेलर डावी-उजवीकडे समतल करा, खालच्या बाजूच्या चाकांखाली प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांवर चढवून. मग चाकांना दोन्ही बाजूंनी चॉक लावा, आपल्याकडे घाटात ट्रकच्या चाकामागे दगड लावतात तसे. मगच गाडी सोडवा. कपलर उचलला की ट्रेलरला धरून ठेवणारे फक्त ते चॉक असतात. रबरी जड चॉक घ्या, पिवळे हलके प्लॅस्टिकचे खडीवर घसरतात. दोन चाकांच्या मध्ये आवळून बसणारे एक्स चॉक मिळाले तर उत्तम, ट्रेलर आत चालताना कमी हलतो. पुढे-मागे समतल करणं गाडी सोडवल्यावर, पुढच्या जॅकनं. चार कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर, म्हणजे टेकू, शेवटी, आणि तेही फक्त टेकतील इतके. त्यांच्यावर ट्रेलर उचलायला गेलात तर ते वाकतील आणि चौकटही पिळेल. समतल असणं ही केवळ झोपेची सोय नाही. गॅसवरही चालणारा फ्रिज असेल तर तो तिरका ठेवून चालवल्यास आतलं द्रव्य नीट फिरत नाही आणि त्याचं कूलिंग युनिट कायमचं बिघडू शकतं.

पाण्याचा जोड स्वस्तात होतो. पिण्याच्या पाण्यासाठीचा पांढरा किंवा निळा होज (नळी), एक साधा फिल्टर आणि काटा असलेला पितळी प्रेशर रेग्युलेटर, सगळं मिळून शंभर डॉलरच्या आत. बागेचा हिरवा होज आणू नका, पाण्याला रबराची चव येते आणि तो पिण्यासाठी बनवलेलाच नसतो. रेग्युलेटर नळाच्या बाजूला लावा म्हणजे होजही वाचतो, आणि ४५ ते ५५ पीएसआयच्या मध्ये ठेवा. डोंगरातल्या एका कॅम्पग्राउंडवर आम्ही तो न लावता नळ सोडला आणि ट्रेकला गेलो. परत आलो तेव्हा सिंकखालचा जोड सुटला होता आणि कार्पेटवर पाणी उभं होतं. तेव्हापासून रेग्युलेटर तर लावतेच, पण जागा सोडताना नळही बंद करते. गीझर पाण्यानं भरला आहे, गरम पाण्याच्या नळाला धार आली आहे, हे बघितल्याशिवाय त्याचं विजेचं बटण दाबू नका. रिकाम्या टाकीत त्याची कॉइल काही क्षणांत जळते. पिण्याच्या पाण्याची टाकी सेकंड हँड आहे, तेव्हा एकदा निर्जंतुक करा: पंधरा गॅलनला पाव कप साधं, बिनवासाचं ब्लीच, सगळ्या नळांतून वास येईपर्यंत फिरवायचं, चार-पाच तास ठेवायचं आणि वास जाईपर्यंत धुवायचं.

विजेच्या जोडाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथं चूक झाली तर एका सेकंदात हजारो डॉलर जातात. बावीस फुटी ट्रेलर बहुधा ३० अ‍ॅम्पचा असतो. त्याचा तीन जाड पिनांचा प्लग १२० व्होल्टचा आहे. घरी ड्राइव्हवेत चार्जिंगसाठी त्याचं सॉकेट बसवून घ्यायचा विचार तुमच्या मनात येईलच. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं तसं बसवून घेतलं. इलेक्ट्रिशियन परवानाधारक होता. पण घरगुती कामात तीस अ‍ॅम्पचं सॉकेट म्हणजे कपड्यांचा ड्रायर, आणि ड्रायर २४० व्होल्टचा, या सवयीनं त्यानं ट्रेलरच्या सॉकेटला २४० दिले. प्लग घातला आणि मायक्रोवेव्ह, टीव्ही, बॅटरी चार्ज करणारा कन्व्हर्टर, सगळं एकदम गेलं. ही चूक देशभर होत राहते. सॉकेट बसवणाऱ्याला १२० व्होल्ट असं लिहून द्या, आणि प्लग घालण्याआधी वीस डॉलरच्या मल्टिमीटरनं स्वतः मोजा.

कॅम्पग्राउंडवरच्या खांबाचाही भरवसा धरू नका. तिथं अर्थिंग तुटलेलं असू शकतं, तारा उलट जोडलेल्या असू शकतात, आणि जुलैच्या दुपारी सगळ्यांचे एसी सुरू झाले की व्होल्टेज इतकं उतरतं की तुमच्या एसीचा कॉम्प्रेसर तापून मरतो. डीलरच्या यादीत बहुधा शंभर डॉलरचा सर्ज प्रोटेक्टर असेल. तो फक्त विजेची उसळी अडवतो. मी म्हणेन, अडीचशे-तीनशे घालून ईएमएस घ्या, म्हणजे जो आधी खांब तपासतो, चूक असेल तर वीज आत सोडतच नाही, आणि व्होल्टेज फार उतरलं की तोडतो. सोबत ५० चं ३० करणारा आणि ३० चा घरगुती प्लग करणारा, असे दोन अ‍ॅडॅप्टर.

३० अ‍ॅम्प म्हणजे एकूण ३,६०० वॉट. एसी १३-१४ अ‍ॅम्प घेतो, गीझरची कॉइल १२, मायक्रोवेव्ह १२-१३, इन्स्टंट पॉट ८-९. आपल्याकडे सकाळी एकीकडे पोहे, एकीकडे चहा, कुणीतरी अंघोळीला, आणि ब्रेकर पडतो. उपाय सोपा आहे: स्वयंपाकाच्या वेळी गीझर गॅसवर टाका. इंडक्शन एकटंच पंधरा अ‍ॅम्प खातं, ते घरी ठेवा. पुण्याहून आणलेला मिक्सर २३० व्होल्टचा आहे, तो तर चालणारच नाही. चटण्या घरून करून न्या. आणि फोडणी बाहेर करा. एवढ्याशा जागेत मोहरी तडतडली की स्मोक डिटेक्टर किंचाळतो आणि मग कुणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतं, ती परत बसत नाही. टेबलावर ठेवायची एकाच बर्नरची शेगडी तीस-चाळीस डॉलरला मिळते. मराठी घरासाठी ती मी अत्यावश्यक यादीत घालते.

त्याच ओघात, गॅस आणि कार्बन मोनॉक्साइडच्या डिटेक्टरना मुदत असते. मागच्या बाजूला तारीख छापलेली असते. तुमचा ट्रेलर २०१८ चा आहे, तेव्हा ती आज संध्याकाळीच बघा. गेली असेल तर नवे घेतल्याशिवाय त्यात एकही रात्र झोपू नका. आणि प्रवासात सिलिंडर बंद ठेवायचे.

गटाराच्या जोडाला लोक घाबरतात, पण तो सगळ्यात सोपा आहे. वीस फुटी जाड सांडपाण्याचा होज, पारदर्शक एल्बो (काटकोनी जोड), होजला उतार देणारा घडीचा आधार, रबरी हातमोजे, आणि टाकी धुण्यासाठी एक वेगळा होज, जो पिण्याच्या होजजवळ कधीही ठेवायचा नाही. आधी काळी टाकी, म्हणजे टॉयलेटची, रिकामी करायची, मग राखाडी, म्हणजे सिंक आणि अंघोळीच्या पाण्याची. साबणाच्या पाण्यानं होज धुऊन निघतो. पूर्ण हुकअपच्या, म्हणजे पाणी, वीज आणि गटार तिन्हींचा जोड असलेल्या, जागेवर काळ्या टाकीचा खटका उघडा ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. पाणी निघून जातं, घन खाली साचून त्याचा डोंगर होतो आणि तो मोडता मोडत नाही. टाकी दोन-तृतीयांश भरली की एकदम सोडायची, आणि रिकामी झाल्यावर एक-दोन गॅलन पाणी टाकून ठेवायचं. टॉयलेटमध्ये पाणी सढळ वापरा, सुगंधी गोळ्यांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

सेकंड हँड ट्रेलरसाठी आणखी एक गोष्ट, जी डीलरच्या यादीत नसेल: छपरावर, व्हेंट आणि एसीच्या कडांना लावायचा सेल्फ लेव्हलिंग सीलंट, म्हणजे आपोआप सपाट पसरून भेगा बुजवणारा लेप. या ट्रेलरना पाणी संपवतं. छपराच्या कडेला केसाएवढी भेग पडते, पाणी भिंतीतल्या लाकडात मुरतं, आणि आत डाग दिसेपर्यंत भिंत कुजलेली असते. वर्षातून दोनदा शिडी लावून वर बघा, हातानं प्रत्येक कड चाचपा. आत कोपऱ्यांतली जमीन पायानं दाबून बघा, मऊ लागली तर लगेच शोध घ्या. छप्पर कशाचं आहे त्यावर कुठला सीलंट चालेल ते ठरतं, दुकानात सांगून घ्या.

हत्यारांच्या पेटीत चौकोनी खाचेचे स्क्रूड्रायव्हर बिट ठेवा, या ट्रेलरमधले निम्मे स्क्रू तसे असतात आणि घरातल्या पेटीत ते नसतात. गाडीचे असतात तसे चपटे १५, २० आणि ३० अ‍ॅम्पचे फ्यूज, कपाळावर बांधायची बॅटरी, चिकटपट्टी. बास.

बाकीच्या गोष्टींना थांबा. बाहेरची मोठी चटई, दिव्यांच्या माळा, टाकीत टाकायची महागडी रसायनं, सौर पॅनेल, कॅमेरे, सगळं दोन सहलींनंतर ठरवा. तोवर तुमच्या सवयी कळतील. कुणी दरवेळी हुकअपच्या जागा शोधतं, कुणी रानात राहतं, आणि दोघांची पुढची खरेदी पूर्ण वेगळी असते. लिथियम बॅटरीचंही तसंच. ती उत्तम असते, पण २०१८ चा कन्व्हर्टर तिला नीट चार्ज करेल का हे आधी तपासावं लागतं.

आता तुमच्या बिग मेडोजबद्दल. शेनन्डोआ पार्कमधल्या एकाही कॅम्पग्राउंडला हुकअप नाहीत. वीज नाही, जागेवर पाण्याचा जोड नाही, गटार नाही. म्हणजे वर सांगितलेल्या पाच जोडांपैकी तीन तिथं वापरताच येणार नाहीत, आणि पहिल्याच सहलीत सगळा भार बॅटरीवर येईल. बिग मेडोज साडेतीन हजार फुटांवर आहे, मे अखेरीलाही रात्री गार असतात. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर. ट्रेलरबरोबर आलेल्या साध्या लेड अ‍ॅसिड बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते, आणि तो पंखा पहाटेपर्यंत ती संपवतो. म्हणून त्याआधी घराजवळ, हुकअप असलेल्या कॅम्पग्राउंडवर एक रात्र काढा. चुका तिथं होऊ द्या, जिथून तासाभरात घर गाठता येतं. बिग मेडोजला जाड पांघरुणं न्या, डम्प स्टेशन (टाक्या रिकाम्या करायची जागा) आणि पाणी भरायचा नळ तिथं आहे. काळी अस्वलंही आहेत, तेव्हा बाहेर केलेल्या फोडणीची कढई, तेलाची बाटली, खरकटं, काहीही रात्री बाहेर ठेवायचं नाही.

रस्ता आय-७८ आणि मग आय-८१ असाच ठेवा. फोन कदाचित आय-९५ नं बाल्टिमोरमधून पाठवेल. तिथल्या दोन्ही बोगद्यांत दहा पाउंडांहून मोठे प्रोपेनचे सिलिंडर न्यायला बंदी आहे आणि तुमचे वीस-वीस पाउंडांचे आहेत. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायच्या. २६ मार्च २०२४ ला तो पूल पडल्यापासून शहराला पश्चिमेकडून, ६९५ नं वळसा घालावा लागतो. न्यू यॉर्कच्या बाजूला कधी गेलात तर तिथल्या पार्कवेंवरही ट्रेलर नेता येत नाही, पूल फार बुटके आहेत. स्कायलाइन ड्राइव्हवर उत्तरेकडून येताना ३२ व्या मैलावर मेरीज रॉक बोगदा लागतो, त्याची उंची १२ फूट ८ इंच. तुमचा ट्रेलर त्यात बसेल, पण एसीच्या टोपणापर्यंतची उंची टेपनं मोजून डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा, कारण प्रत्येक पेट्रोल पंपाच्या छताखाली ती लागते.

आधी टायरवरचे चार अंक, दारावरच्या स्टिकरचा आकडा आणि रिसीव्हरवरची टंग वेटची मर्यादा एवढं बघून इथं लिहा, गाडीचं मॉडेल आणि सालही द्या. हिच कुठला घ्यायचा, किंवा घ्यायचा की नाही, ते मी त्यावरून सांगते. डीलरला तोवर थांबायला सांगा.